डबलचा परवाना

आमच्या डबलला मी मारते, असं एका गळपट्ट्याने लेखी दिलं.

मी अलका जगदाळे. एसटीच्या वडूज आगारात एकतीस वर्षं कंडक्टर होते. पुढे गाड्यांमधून तिकीट फाडणारी माणसंच गेली, आमची शेवटची तुकडी. त्या एकतीस वर्षांत मी तोंड भरपूर चालवलं, पण हात कुणावर टाकला नाही. पिऊन आलेल्या प्रवाशावरसुद्धा नाही. मग डबलवर टाकीन? नऊ वर्षांपूर्वी आगारात, गाड्या धुतात तिथे सापडलेलं हे एवढंसं पिल्लू. गाडीची डबल बेल वाजली की शेपूट वर करून मागे पळत सुटायचं, म्हणून नाव डबल. गावठीच आहे, तांबडं, एक कान पडका.

जानेवारीत मी न्हाणीघरात पडले. घोटा मोडला. चार तास फरशीवर पडून होते आणि डबल दाराशी भुंकत होता, शेजारच्या सुमन वहिनी येईपर्यंत. ते कळल्यावर माझ्या लेकीने, मृणालने, फोनवर फर्मान काढलं, "आई, आता पुरे झालं. तू इकडे राहायला ये."

इकडे म्हणजे फिनलंडला. गावाचं नाव युवास्कुला. मी आयुष्यभर गावांची नावं ओरडत आले, निमसोडपासून नंदुरबारपर्यंत, पण हे नाव तोंडात बसायला मला आठवडा लागला. पुढे मृणालला दिवसही गेले, नोव्हेंबरची तारीख होती. जायला मन तयार होतं. अट एकच. डबल आला तर मी, नाहीतर नाही.

कुत्रं परदेशात न्यायचं म्हणजे काय असतं ते मला सहा महिन्यांत पाठ झालं. आधी कातडीखाली चिप. मग रेबीजची लस. ती चिपच्या आधी टोचली तर धरत नाहीत, पुन्हा टोचा. मग महिन्याने रक्त काढून प्रयोगशाळेत पाठवायचं, लस अंगी लागली का बघायला. मग तीन महिने गप बसायचं. तोवर पिंजऱ्याची सवय. मी डबलचं जेवण पिंजऱ्यातच वाढायला लागले, तर पंधरा दिवसांत तो दुपारची झोपही तिथेच काढायला लागला. डबलची फाइल माझ्या फाइलपेक्षा जाड झाली. तिकडे राहायच्या माझ्या परवान्याप्रमाणे मला तीस सप्टेंबरच्या आत उतरायचं होतं. राहिली होती फक्त भावपट्ट्याची चाचणी.

हा भावपट्टा काय, ते पुण्याच्या डॉक्टर फरझाना इनामदारांनी मला समजावलं होतं. दिसायला साधा कापडी गळपट्टा. आतून तो हृदयाचे ठोके मोजतो. जीव निवांत असला की ठोके घड्याळासारखे पडत नाहीत. श्वास आत घेतला की जवळजवळ, सोडला की लांबलांब. भीती वाटली की मात्र ते सगळे सारख्या अंतराने, ताठ पडायला लागतात. शिवाय कानामागे दोन टिकल्या लावतात, त्या मेंदूतल्या लहरी टिपतात. कुत्र्याच्या डोक्यात काय विचार चाललाय हे त्या पट्ट्याला कळत नाही. आनंद झाला की भीती वाटली, किती वाटली आणि किती वेळ टिकली, एवढंच कळतं. आणि पट्ट्याला कान असतात. चौदा दिवस घरात जे बोललं जातं ते तो ऐकतो, त्याचा अर्थ लावतो आणि कुठल्या वाक्याला कुत्र्याचं काय झालं ते लिहून ठेवतो.

कुत्र्यामांजरांना देशात घ्यायच्या आधी हे बघायचं, असा तिकडच्या अनेक देशांनी कायदा केला होता. कारण मला पटलं होतं. परक्या मुलखात त्या जनावराला एका माणसाशिवाय कुणी नसतं. त्या माणसाचीच भीती असेल तर ते पळून जाणार कुठे?

चौदा दिवस पट्टा घातला, पुण्याला गेलो, आणि डॉक्टरांनी कागद माझ्यासमोर ठेवला. लाल शिक्का. 'मालक जवळ येताना तीव्र भीती. शंभरात एक्याण्णव. मारहाणीचा संशय.'

"काकू, मी तुमच्यावर आरोप करत नाहीये," डॉक्टर म्हणाल्या. "पण तीन वेळा चाचणी देता येते. तिसऱ्यांदाही नापास झाला, तर त्याला तो देश कायमचा बंद."

डबल माझ्या पायावर हनुवटी टेकून बसला होता. मी म्हटलं, "बघा हो डॉक्टर, कसा घाबरलाय मला." त्या हसल्या नाहीत.

कागदाची एक प्रत मृणालला गेली होती. दुपारी तिचा फोन आला.

"आई, खरं सांग. तू त्याला मारतेस?"

"अगं, विचारताना तुझी जीभ तरी कशी रेटली? तुला कधी मारलंय मी?"

"मारलं नाहीस," ती म्हणाली. "पण मला भीती वाटायची, आई."

"कुणाची? माझी?"

"जाऊ दे. फोनवर नको."

तिने फोन ठेवला आणि माझ्या पायाखालची वाळू सरकली. कुत्र्याचं एक वेळ यंत्राने चुकीचं वाचलं असेल. पोटच्या पोरीचं काय?

दोन दिवसांनी, सोमवारी बाजाराला निघाले. पिशवी घेतली, चप्पल पायात सरकवली आणि नेहमीसारखी म्हणाले, "येते रे डबल."

डबलचा उभा कानसुद्धा पडला. तो वळला, पलंगाखाली गेला आणि पंजांवर डोकं ठेवून माझ्याकडे बघत राहिला. हे मी हजार वेळा पाहिलं होतं. पण त्या दिवशी हातात पिशवी तशीच धरून मी उंबऱ्यात उभी राहिले. परत आत येऊन कागद काढला. शेवटच्या पानावर वाक्यांची यादी होती. पहिलंच वाक्य: 'येते रे डबल. अर्थ: मालक जवळ येत आहे. भीती: ९१.'

"हात्तिच्या!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की डबल पलंगाखालून बाहेर आला.

आता तुम्हीच सांगा, आपल्यात दारातून निघताना 'जाते' कोण म्हणतं? मी लहानपणी एकदा मामाकडे जाताना 'जाते गं' म्हणाले, तर आईने मला एसटी थांब्यावरून परत आणलं. पाटावर बसवलं, तोंडात गुळाचा खडा घातला आणि 'येते' म्हणायला लावून मग सोडलं. गाडी चुकली ती चुकलीच. आपण जातो तेव्हा 'येते' म्हणतो आणि येतो तेव्हा काहीच म्हणत नाही, सरळ कडी काढून आत शिरतो. नऊ वर्षं डबलने या शब्दामागून माझी पाठच पाहिली होती. मी जवळ यायची त्याला भीती नव्हती. मी जायची होती.

डॉक्टरांना फोन लावला. त्या जोरात हसत सुटल्या. "काकू, मी स्वतः रोज दवाखान्यात येताना माझ्या मांजरीला 'येते गं' म्हणते! आणि तो कागद वाचताना माझ्या लक्षात आलं नाही!"

पट्टा बनवणारी कंपनी मात्र हसली नाही. एका कुत्र्यावरून अर्थकोश बदलत नसतात, असं उत्तर आलं. किमान पंचवीस मराठी घरांतली कुत्री, प्रत्येकाच्या गळ्यात तीन दिवस पट्टा, आणि पंधरा दिवसांच्या आत सगळी माहिती.

डॉक्टर म्हणाल्या, "पट्टे मी देते. पण पंचवीस घरं?"

"डॉक्टर, मी नव्वद माणसं साठच्या गाडीत बसवलीत," मी म्हटलं आणि पदर खोचला.

मोडून जुळलेल्या घोट्याने मी अख्खं वडूज पालथं घातलं. बबन खाडे, आमच्याच आगारातला ड्रायव्हर, त्याच्या अल्सेशियनला पट्टा लावू देईना. "माझं कुत्रं कुणाच्या बापाला भीत नाही." मी म्हटलं, "मग घाबरतोस कशाला? लाव." लावला, तर बबनची बायको 'येते हं' म्हणून भिशीला निघाली की ते धूड थरथरायचं. बबन महिनाभर माझ्याशी बोलला नाही. निपाणीकडच्या शेट्टेबाईंचं कुत्रं कानडी 'बरतेनी'ला घाबरायचं. त्याचाही अर्थ 'येते'च, आणि त्याही जाताना म्हणतात. सगळ्यात उपयोगी पडले देशमाने गुरुजी. ते कडक मराठीचे. ते 'येतो' म्हणतच नाहीत, 'निघतो' म्हणतात. त्यांच्या कुत्रीला 'येतो' ऐकून काही वाटायचं नाही, 'निघतो' म्हटलं की ठोके ताठ. म्हणजे भीती शब्दाच्या अर्थाची नव्हती, शब्दामागून जे घडतं त्याची होती. डॉक्टर म्हणाल्या, अख्ख्या अहवालात ही एक कुत्री लाखमोलाची आहे.

चौदाव्या दिवशी माहिती गेली. आठवड्याने कंपनीचं पत्र आलं: मराठीत 'येते, येतो', प्रसंग दाराचा असल्यास, अर्थ निरोप. मी ते पत्र सुमन वहिनींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "एवढं कळायला यांना पंचवीस कुत्री लागली?"

जुलैत दुसरी चाचणी झाली. मालकाची भीती, शून्य. मी पेढे घेऊनच गेले होते. पण डॉक्टरांचा चेहरा उतरलेलाच.

"काकू, दुसरा रकाना बघा. शांत होण्याचा काळ. हद्द पंधरा मिनिटांची आहे. डबलला सत्तेचाळीस लागली."

त्यांनी समजावलं. विमानात पिंजरा पोटातल्या खोलीत असतो. अंधार, आवाज, ओळखीचं कुणी नाही. भीती सगळ्यांनाच वाटते. पण पाव तासात जीव थाऱ्यावर आला नाही, तर कुत्रं धापा टाकून टाकून आतूनच तापतं आणि हृदय दगा देऊ शकतं. झोपेचं औषध चालत नाही, त्याने धोका वाढतो. पंचवीस घरांतली बाकी कुत्री सात-आठ मिनिटांत शांत होतात. येते म्हणणारं माणूस येतं, हे त्यांना ठाऊक असतं.

"काकू, एक विचारू? तुमच्या घरातून कुणी 'येतो' म्हणून गेलं आणि आलं नाही, असं झालंय का?"

मी पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवला.

चार वर्षांपूर्वी आमचे हे सकाळी दूध आणायला निघाले. "येतो गं. येतो रे डबल्या." येरळेच्या पुलावर हृदयाचा झटका. घरी आणलं तेव्हा डबलला सुमन वहिनींकडे बांधला होता, म्हणजे त्याने यांना परत आलेलं पाहिलंच नाही. तेरा दिवस लोक येत-जात होते, रडायला मला माणसं होती. डबल फाटकाशी बसून असायचा. मी त्याला म्हणायचे, सर बाजूला, पायात येऊ नकोस.

डॉक्टरांच्या टेबलावर डोकं टेकून मी रडले. मला फार वाईट वाटलं हो. नवरा माझा गेला असं मी चार वर्षं धरून बसले होते. त्याचाही कुणी गेला होता, हे सांगायला यंत्र लागलं.

"आता एकच चाचणी उरलीय," डॉक्टर म्हणाल्या. "हवं तर अर्ज मागे घ्या. त्याला इथे चांगलं घर शोधू. तुम्ही पुढे जा, दोन-तीन वर्षांनी बघू."

"तो नऊ वर्षांचा आहे, डॉक्टर. दोन-तीन वर्षांनी कुणाला बघायचं? तारीख द्या. लांबातली लांब."

एकोणतीस ऑगस्ट मिळाली. छत्तीस दिवस.

उपाय डॉक्टरांनीच सांगितला, आणि तो यंत्राचा नव्हता, नुसत्या चिकाटीचा होता. जायचं आणि यायचं. इतक्या वेळा की त्याच्या मेंदूत जुन्या वाटेशेजारी नवी वाट पडली पाहिजे. जुनी पुसत नाही, नवी रुंद करायची. मी 'येते रे' म्हणून बाहेर पडायची, फाटकापर्यंत जाऊन परत. मग कोपऱ्यापर्यंत. मग थांब्यावरच्या बाकावर दहा मिनिटं बसून परत. आत आले की लाड नाही, गाजावाजा नाही, भाताचं आधण ठेवायचं. दिवसातून चाळीस वेळा. सुमन वहिनी भिंतीवरून विचारायच्या, "अलकाताई, काही विसरलं का?" तिसऱ्या दिवसापासून गल्लीने मला वेड्यात काढलं.

डॉक्टरांनी पट्टा डबलच्या गळ्यात राहू दिला होता; आकडा सत्तेचाळीसवरून चाळीस. चाळीसवरून एकतीस. मग एकदा पुसेसावळीहून येताना गाडी बंद पडली, तासाभराची मी चार तासांनी परतले, आणि आकडा पुन्हा चव्वेचाळीसवर. त्या संध्याकाळी घोटा सुजला होता, डोकं फिरलं होतं. न सांगता मागच्या दाराने सटकून पाहिलं, तर आणखी वाईट. तो मग दिवसभर माझ्या पदराशीच, आता जाईल, मग जाईल. म्हणजे फसवून चालत नव्हतं. सांगूनच जायचं आणि परत यायचं. मी पुन्हा फाटकापासून सुरुवात केली.

एका दुपारी हे सगळं मृणालला सांगत होते. नवी वाट, जुनी वाट. ती ऐकत होती आणि एकदम म्हणाली, "मीपण खिडकीत बसायचे, आई."

"ठाऊक आहे की. मला टाटा करायला."

"टाटा करायला नाही गं. मुक्कामी गाडी असली की तू दुसऱ्या दिवशी यायचीस. आज मुक्कामी आहे की नाही, ते मला कुणी सांगायचं नाही. तू 'येते गं' म्हणालीस की मी खिडकीचे गज सोडायचे नाही. तेच सांगत होते मी त्या दिवशी. भीती तुझी नव्हती."

सकाळच्या गाडीची घाई, डबा, तिकिटाचं मशीन, आणि खिडकीत लेक हात हलवतेय म्हणून मी खुशीत निघायची.

"मग कधी बोलली का नाहीस, बाळा?"

"मला पट्टा नव्हता ना," ती म्हणाली, आणि हसली, आणि मग रडली. मीही रडले. "आई, बाळाच्या वेळी तू असशील ना? नक्की?"

"येते," मी म्हटलं आणि माझीच जीभ चावली. "अगं, म्हणजे तिकडे येते. खरोखरची येते. कुत्र्याला घेऊन."

एकोणतीस ऑगस्टला सकाळी आम्ही पुण्याला पोचलो. आदल्या दिवशीचा आकडा अठरा होता. हद्द पंधरा. डॉक्टर म्हणाल्या, पुढे ढकलायची का? पुढची तारीख ऑक्टोबरची. माझा परवाना तीस सप्टेंबरचा. "चला आत," मी म्हटलं.

पिंजरा रिकाम्या खोलीत ठेवला. विमानासारखा घरघर आवाज लावला, दिवे घालवले. डबल आत बसला, मी दार लावलं. मुठीत पदर घट्ट धरला. नेहमीच्या आवाजात म्हणाले, "येते रे," आणि वळून न बघता बाहेर आले.

बाहेर बाक होता. मी बसले नाही. शेजारच्या खोलीत डॉक्टर पट्ट्याचे आकडे बघत होत्या; काचेतून त्यांची सावली दिसत होती, पडद्याचं तोंड मात्र तिकडे होतं. मी भिंतीला कान लावला तर आत फक्त घरघर. एकदा तो रडल्यासारखं वाटलं, पण तो बाहेरच्या रिक्षाचा हॉर्न होता. आत जावं, कुलूप काढावं, खड्ड्यात गेला तो परवाना, असं तीनदा मनात आलं. तीनदा मी स्वतःला बाकाकडे ढकललं. माणसाने जिद्द करावी ती दुसऱ्यासाठी, असं मी आगारात सगळ्यांना ऐकवायचे. त्या भिंतीशी मला कळेना, ही जिद्द त्याच्यासाठी आहे की माझ्यासाठी. तरी दाराला हात लावला नाही.

चाळीस मिनिटांनी डॉक्टर बाहेर आल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"अकरा," त्या म्हणाल्या.

"अकरा काय?"

"अकरा मिनिटं, काकू. बाराव्या मिनिटाला तो आडवा झाला. आता घोरतोय. ऐका."

त्यांनी दार किलकिलं केलं. खरंच घोरत होता, मेला. आमच्या यांच्यासारखा, शेवटी शिट्टी मारून.

इतके दिवस याच आकड्यासाठी मी उन्हातान्हात फाटक उघडत-लावत होते, आणि आता तो मिळाला तर मला तो सोसवेना. अकरा मिनिटांत झोपला? माझ्यावाचून? आनंदाने ओरडावं की त्याच्या कानाखाली द्यावी, मला समजेना. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. म्हणाल्या, "रडताय का? पास झाला ना तो!"

"डॉक्टर," मी म्हटलं, "चार वर्षं झाली. अजून सकाळी दुधाच्या वेळी माझे ठोके ताठ पडतात. मी जागीच असते. हा छत्तीस दिवसांत शिकला."

त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

मी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि फाइल त्यांच्यापुढे ठेवली.

"मारा शिक्का," मी म्हटलं. "त्याला उठवू नका. मी बसते तोवर."